साव्हूच्या गाडीतला दिवा

रेलू, भट्टीत दोन ओंडके सरकव आणि ये, बस इथे. जाळ कमी झाला की धार तुटते. त्सुइका, आपली आलुबुखाराची दारू, रात्रभर टपकत राहते, तिला झोप नसते, म्हणून आपल्यालाही नाही. स्मारांदा, तूही शाल घे गं. ऑक्टोबरातली थंडी पाठीतून शिरते आणि तुम्हा पोरांना ती सकाळी कळते.

तुझं तोंड का उतरलंय ते मला ठाऊक आहे, रेलू. दुपारी साव्हू आलुबुखाराची पिंपं घेऊन आला. तू ती उतरवून घेतलीस, गाडीची पुढची काच आतून काळीकुट्ट दिसली, म्हणून ओलं फडकं घेऊन आत वाकलास. चांगल्या मनानं. आणि जो माणूस गावातल्या कुत्र्यालाही हाड म्हणत नाही, तो चारचौघांदेखत तुझ्या अंगावर धावून आला. "हात लावलास तर हात मोडीन!" तुला वाटलं, म्हातारा सटकला.

सटकलेला नाही तो. का ओरडला ते मी सांगतो, पण दोन अटी. हसायचं नाही, आणि हे साव्हूपुढे काढायचं नाही. यात मीही आहे, आणि जे मी केलं त्यानं माझी मान ताठ व्हावी असं काही नाही.

सहा वर्षं झाली. मार्चची पाच तारीख, मंगळवार. सकाळी मी वर्कशॉपचं दार उघडतोय तोच साव्हू उभा. दाढी वाढलेली, कोटाची बटणं वरखाली लावलेली. त्याची बायको स्तांका जाऊन तेव्हा छत्तीस दिवस झाले होते.

"ताके," म्हणाला, "शनिवारी तिचा चाळिसावा आहे. सेव्हेरीनहून मेहुणीला आणायचंय. तिचे पाय गेलेत, बसनं येणं तिला जमायचं नाही. आणि गाडी उठत नाहीये."

"बॅटरी?"

"नवी टाकली. तीही मेली."

माझं डोकंच फिरलं. तुम्हाला सांगून ठेवतो, गाडी उठली नाही की लोक आधी पळत जाऊन नवी बॅटरी आणतात. डोकं दुखलं म्हणून टोपी बदलावी, तसलं हे. बॅटरी काय करणार बिचारी? तिचं रक्त कुणीतरी पितंय, ते कोण, हे बघायला नको?

"मला विचारलं असतंस तर जीभ झडली असती का तुझी?" मी म्हणालो.

एरवी त्यानं मला दोन शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी नुसता जमिनीकडे बघत राहिला. मला लाज वाटली.

त्याच्याकडे गेलो. गाडी त्याच्या कोठारात उभी असते, ते तुम्ही पाहिलंय. घरापासून लांब, फळ्यांच्या भिंती, जुनं लाकडी दार. माझी बॅटरी जोडून गाडी चालू केली. डायनॅमो बघितला, व्यवस्थित चार्ज करत होता. मग साव्हूला विचारत गेलो. रोज चालवतोस? नाही. किती दिवस उभी राहिली की मरते? चौथ्या दिवशी. कधीपासून?

"जानेवारीच्या शेवटापासून."

"डिकीचं झाकण नीट लागतं? रेडिओ बंद करतोस?"

"हो."

"आतला दिवा? छतावरचा? तो चुकून चालू राहत असेल."

तर हा एकदम खेकसला. "मी दिवा लावत नाही! कधीच लावत नाही!" आणि पाय आपटत घरात निघून गेला. मी हातात पाना घेऊन बघतच राहिलो. साध्या प्रश्नाला एवढं काय झालं, ते मला तेव्हा कळलं नाही.

आता स्तांकाबद्दल थोडं सांगायला हवं. स्मारांदाला ती आठवत असेल, रेलू तेव्हा इटलीत होता. ठेंगणी बाई, सदा घाईत, सदा बोलत. साव्हू गाडी चालवायचा आणि ती शेजारी बसून वाऱ्याशीसुद्धा गप्पा मारायची. त्या गाडीचा हीटर पहिल्यापासून नावापुरता. थंडीत काचेवर आतून वाफ धरायची, आणि स्तांका आपल्या जागेवरून वाकून, हात लांब करून, बाहीनं साव्हूच्या पुढची काच पुसून द्यायची. स्वतःच्या पुढची कधी पुसली नाही. हा कुरकुरायचा, "अगं, बोटांचे डाग पडतात!" ती म्हणायची, "पडू देत. तू रस्ता बघ." सेव्हेरीनच्या बाजाराला जाताना मी मागे बसायचो, हे भांडण मी शंभरदा ऐकलंय.

जानेवारीच्या सत्तावीस तारखेला, रविवारी रात्री तिच्या छातीत दुखायला लागलं. बर्फ पडत होता, अॅम्ब्युलन्सला घाट चढवेना. साव्हूनं तिला उचलून गाडीत घातलं आणि निघाला. अठ्ठेचाळीस किलोमीटर. मध्यरात्र उलटल्यावर, सेव्हेरीनच्या अलीकडे, गाडीतच गेली ती.

प्रेत घरी आणलं तेव्हा मी तिथे होतो. म्हातारी वेता दारातच उभी होती. गावात कुणी गेलं की अंघोळ घालण्यापासून सगळं तिच्याच हातचं, अजूनही. तिनं पहिला प्रश्न तोच विचारला, जो आपल्याकडे पहिला विचारतात. "मेणबत्ती होती ना रे तिच्या हातात?"

आता तुम्ही मोबाइलवाली पोरं. पण आजीकडून ऐकलंच असेल की. जीव जाताना हातात पेटती मेणबत्ती हवी. नसली तर ते माणूस तिकडे अंधारात चाचपडत राहतं. चाळीस दिवस ते इथंच, आपल्याच घरादारात, आणि मग निघायचं तर वाट दिसायला नको?

साव्हू म्हणाला, "होती."

वेतानं छातीवर क्रॉसची खूण केली. "देवाची कृपा," म्हणाली. आणि तो विषय तिथेच मिटला. चालत्या गाडीत, त्या बर्फात, एका हातानं चाक धरून त्यानं मेणबत्ती कशी पेटवली, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तर मंगळवारी दिवसभर मी गाडी तपासली. बॅटरीची काळी वायर सोडवली, मध्ये मीटर लावला, आणि गाडी उभी असताना किती करंट खाते ते बघत बसलो. थोडा वेळ द्यावा लागतो, बंद केल्यावर गाडीलाही झोपायला अर्धा तास लागतो. मग आकडा खाली आला. शून्य पॉइंट शून्य तीन. काहीच नाही. एवढं तर घड्याळाला लागतं. एवढ्यावर बॅटरी महिनाभर टिकते.

म्हणजे दिवसा गाडी शहाण्यासारखी वागत होती. जे काय होतं ते रात्री. मग रात्रीच बसायला हवं होतं, दुसरा इलाज नव्हता.

बुधवार, सहा मार्च. संध्याकाळी पाच वाजता मी कोठारात बसलो. मक्याच्या पोत्यावर घोंगडं टाकलं. बॉनेट उघडं. मीटर लांब वायरीनं खिळ्याला टांगलेला, डोळ्यांसमोर. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं आणि त्याच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरनं आत दाबली, म्हणजे गाडीला वाटतं की दार बंद आहे. असं केलं की आत वाकून फ्यूज काढता येतात आणि दार उघडल्याचा दिवा लागत नाही. बाकी सगळी दारं बंद.

साव्हू मला गरम सूपाचं भांडं देऊन गेला. "सापडलं तर हाक मार," म्हणाला. स्वयंपाकघरात जाऊन बसला. तो तेव्हा अंथरुणावर झोपतच नव्हता, टेबलाशी बसल्या बसल्या डुलक्या काढायचा.

सहा वाजले. शून्य शून्य तीन.

फळ्यांच्या फटींतून येणारा उजेड आधी पिवळा झाला, मग निळा, मग गेला. कोठारात माझाच हात मला दिसेना. मीटरचे आकडे तेवढे दिसत होते.

सहा वाजून पन्नास मिनिटं. शून्य शून्य तीन.

एकावन्न.

शून्य पॉइंट पंच्याऐंशी.

मी उठलो. मीटरला टिचकी मारली. आकडा हलला नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की मला माझे बूट दिसतायत. पोतं दिसतंय. भिंतीला टांगलेलं खोरं दिसतंय...

गाडीत दिवा लागला होता.

मी घाबरलो नाही, खरं सांगतो. मला आनंद झाला! दहा वॉटचा दिवा, बारा व्होल्ट, हिशेब बरोबर जुळत होता. अशा चार रात्री जळला तर कुठलीही बॅटरी आडवी होईल. आणि कुणाला कळणार कसं? कोठार बंद. सकाळी दार उघडलं की दिवा लागतोच, त्यात कुणाला काय वावगं वाटणार? मी मनात म्हटलं, ताके, सत्तरीला टेकलास तरी डोकं चालतंय तुझं.

बटण बिघडलं असणार, असं धरून मी उघड्या दारातून आत वाकलो.

बटण बंदवर होतं.

मी ते चालू केलं. पुन्हा बंद केलं. दिवा तसाच. शांत जळत होता.

मग मला काच दिसली. स्तांका बसायची त्या बाजूची, दारातली. आतून धुरकट. वाफ धरलेली. एवढीशीच... ताटलीएवढी. दार सताड उघडं होतं, पोरांनो. आत आणि बाहेर थंडी सारखीच. मी तर पोत्यावर होतो, दोन तास. गाडीत कुणी नव्हतं.

वाफ जरा ओसरली.

परत आली.

ओसरली... परत आली.

आता मी काय करायला हवं होतं, ते मला आज कळतं. तिथंच टोपी काढून उभं राहायला हवं होतं. पण मी मीटरवर विश्वास ठेवणारा माणूस. पन्नास वर्षं दोष शोधला आणि काढला, तेवढंच केलं. आणि भीतीही वाटायला लागली होती, ती मला कबूल करायची नव्हती. भीती वाटली की माझे हात भराभर चालतात.

दिव्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं. बल्ब ओढला. बोटं भाजली.

अंधार.

मीटरवर शून्य शून्य तीन. दुरुस्ती झाली.

आणि त्या अंधारात, माझ्यापासून हातभर अंतरावर... कुणीतरी श्वास आत घेतला. रडू फुटायच्या आधी लहान मूल घेतं ना, तसा. आत घेतला...

सोडला नाही.

मी कोठारातून कसा बाहेर आलो ते मला आठवत नाही. स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा बल्ब मुठीत होता. साव्हू टेबलाशी बसलेला. मी हसायचा प्रयत्न केला.

"सापडलं," म्हणालो. "आतला दिवा. अंधार पडला की आपोआप लागतो. बल्बच काढून टाकला, आता शनिवारपर्यंत काही..."

तो उभा राहिला. इतक्या हळू, की खुर्ची वाजली नाही.

"लागतो?" म्हणाला.

"हो."

"रोज?"

"जानेवारीपासून लागत असणार."

"आणि तू काढलास."

मी मूठ उघडली. त्यानं बल्बकडे बघितलं आणि तो खाली बसला, जमिनीवरच, चुलीपाशी. हा माणूस दफनाच्या वेळी रडला नव्हता. तेव्हा सगळे म्हणाले होते, काळीज दगडाचं आहे.

"ताके," म्हणाला, "मेणबत्ती नव्हती."

मी मूठ परत मिटली.

"मी खोटं बोललो. मेणबत्ती घ्यायचं भानच राहिलं नाही. आणि घाटात... चढावर, बर्फ समोरून येत होता. ती म्हणाली, साव्हू, दिवा लाव ना, फार अंधार आहे. मी म्हणालो, आता नाही. आतला दिवा लावला की मला बाहेरचं दिसत नाही. गप्प बसली. जरा वेळानं परत म्हणाली. साव्हू, थोडाच वेळ लाव. आणि मी... मी ओरडलो तिच्यावर. म्हणालो, मला रस्ता दिसायला हवा की नको?"

मी तिथंच, भिंतीला टेकून उभा.

"तर ती म्हणाली, बरं." त्यानं चुलीकडे तोंड फिरवलं. "बरं, म्हणाली, ताके. रागावली नाही. पुलापाशी रस्त्यावरचे दिवे आले तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. ती कधी गेली ते मला माहीत नाही. अंधारात गेली. चौतीस वर्षांत तिनं माझ्याकडे एवढीशी गोष्ट मागितली आणि मी नाही म्हणालो."

मग त्यानं माझ्या मुठीकडे बोट केलं. "तिचा तिनं लावून घेतला होता तिथं. सदतीस, अडतीस रात्री. एकटी बसली होती. आणि तो पण आपण काढून घेतला. आधी मी... आता तू."

आम्ही धावलो. हो, दोन म्हातारे, चिखलातून, एका टॉर्चच्या उजेडात. मी बल्ब परत बसवला. घाईत तो तीनदा हातातून पडला. बटण चालू केलं, दिवा लागला. बंद केलं, विझला. नीट, शहाण्यासारखा. तिच्या बाजूची काच कोरडी. स्वच्छ.

साव्हू तिच्या शेजारी, आपल्या जागेवर जाऊन बसला. बटण चालू करून ठेवलं. "स्तांका," म्हणाला, "हा बघ, लावला. बघ ना." सकाळपर्यंत तेच. मी बॅटरीला चार्जर लावून दिला, आणखी काय करणार होतो? पहाटे तो म्हणाला, "ती नाहीये इथे. तुझ्या हातून विझला तेव्हाच बाहेर पडली. आता कुठे फिरत असेल त्या अंधारात?"

तुम्हाला वाटतं, भुताची गोष्ट म्हणजे भूत आलं की भीती. ते गेलं तेव्हा मला जी भीती वाटली, तशी आयुष्यात कधी वाटली नाही.

दोन दिवस उरले होते. शनिवारी चाळिसावा झाला की संपलं, मग तिला इथे थारा नाही आणि तिकडची वाट दिसत नाही. मी साव्हूला म्हणालो, वेताकडे चल. तो तयार होईना. खोटं बोललो होतो, म्हणाला, मेलेल्या बायकोबद्दल, तिच्या प्रेताशेजारी उभा राहून. गाव तोंडात शेण घालेल. मेहुणी थुंकेल माझ्यावर.

"थुंकू दे," मी म्हणालो. "तुझं तोंड धुता येईल."

गुरुवारी सकाळी त्याला अक्षरशः ओढत नेलं. वेता कोंबड्यांना दाणे टाकत होती. त्यानं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, टोपी हातात धरून. मी माझंही सांगितलं. वेता ऐकत राहिली आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"गाढवा! म्हातारा झालास तरी गाढवच राहिलास! त्याच दिवशी बोलला असतास तर तीन दिवसांत तिला उजेड पोचवला असता मी! आणि तू रे, ताके? तार दिसली की कापायची, एवढंच येतं तुला?" रागानं दाण्यांचा टोपला कोंबड्यांवर फेकला. मग डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसले आणि कापसाचं सूत काढून आणलं. "बोल. उंची किती तिची?"

मेणबत्तीशिवाय गेलेल्याला त्याच्या उंचीएवढी मेणबत्ती लागते. लांब सुताला मेण चढवून वेटोळं करतात. उंची नेमकी हवी.

साव्हूनं हातातली टोपी फिरवली.

"अरे, किती होती?"

"मोजली नाही कधी," तो म्हणाला. मग त्यानं स्वतःच्या हनुवटीखाली हात आडवा धरला. "इथपर्यंत यायची. इथे डोकं टेकायची."

वेतानं सुताचं एक टोक त्याच्या टाचेखाली दाबलं आणि दुसरं त्याच्या हनुवटीपर्यंत आणून तोडलं. 

शुक्रवारी, आठ मार्चला, अंधार पडताना आम्ही कोठारात जमलो. मी, साव्हू, वेता, आणि सेव्हेरीनची मेहुणी. तिला मी माझ्या गाडीतून आणलं होतं. साव्हूनं तिलाही सगळं सांगितलं होतं. ती थुंकली नाही. नुसतं म्हणाली, "लहानपणापासून अंधाराला घाबरायची ती." ते थुंकण्यापेक्षा वाईट होतं.

गाडीची बॅटरी मी सोडवून बाहेर नेऊन ठेवली. स्तांकाच्या जागेवर लोखंडी थाळा ठेवला, त्यात गहू, गव्हावर मेणबत्तीचं वेटोळं. पेटवायला वेतानं काडी साव्हूच्या हातात दिली. त्यानं पेटवली आणि म्हणाला, "स्तांका, हा तुझा उजेड. मी दिला. उशीर झाला."

दारं लावली. काच बोटभर उघडी. किल्ली साव्हूच्या खिशात. आम्ही पोत्यांवर बसलो.

मेणबत्ती जळत राहिली. नऊ, दहा, बारा. आतल्या आत काजळी धरत गेली, काचा काळवंडत गेल्या. आधी ज्योत दिसायची, मग नुसता लालसर डाग.  मेहुणी मांडीवर हात ठेवून डुलत होती. वेताचे ओठ हलत होते.

चार वाजून दहा मिनिटं.

डाग बारीक झाला.

आणखी बारीक.

विझला.

काळोख. कुणी हललं नाही. साव्हूचा हात माझ्या मनगटावर होता. मला त्याचे ठोके कळत होते.

आणि मग... गाडीतून आवाज आला. काचेवर ओली बाही फिरवल्याचा. किर्र...

थांबला.

पुन्हा एकदा. किर्र...

मग काही नाही.

वेता कुजबुजली, "उठू नका कुणी. तिला जाऊ द्या." उजाडेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. बाहेर पहिला कोंबडा आरवला, मग शेजारच्यांचा, मग फटींतून जरा जरा दिसायला लागलं.

साव्हूनं खिशातून किल्ली काढली आणि दार उघडलं. मेणबत्तीचं राखेएवढं काही उरलं नव्हतं, गहू नुसता काळा. काचा सगळ्या आतून कोळशासारख्या. दारांच्या, मागची, तिच्या पुढची. सगळ्या.

फक्त त्याच्या पुढची काच पुसलेली होती.

तिच्या जागेवरून सुरू झालेला एक फराटा, चाकाच्या वरपर्यंत. जिथपर्यंत एका ठेंगण्या बाईचा हात पोचेल, तिथपर्यंत. शेवटी, खाली, चार बोटांचे डाग.

साव्हू आत बसला. चाकावर दोन्ही हात ठेवले. त्या पुसलेल्या जागेतून त्यानं बाहेर बघितलं, कोठाराच्या उघड्या दाराकडे, दाराबाहेरच्या रस्त्याकडे. किती तरी वेळ. आम्ही तिघं बाहेर उभे, आणि तो एकच वाक्य बोलला.

"मी तिला एवढा ओरडलो होतो गं," मेहुणीला म्हणाला.

दुपारी चाळिसाव्याचं जेवण झालं. मी बॅटरी परत जोडली. त्यानंतर ती कधी उतरली नाही, पण त्यात नवल नाही, ते माझं काम होतं. दुसरं काय होतं, ते मला विचारू नका. मी मीटर लावून बघितलेला नाही आणि लावणारही नाही.

झालं एवढंच. स्मारांदा, डोळे पूस बाळ, धूर लागला असं सांग हवं तर. आणि रेलू, भट्टी बघ, जाळ कमी झालाय.

उद्या उजाडता साव्हू उरलेली पिंपं घेऊन येईल. त्याला नमस्कार कर, हात मिळव, कालचं मनात ठेवू नकोस. काच बघायची असेल तर लांबून बघ. काजळी अजून तशीच आहे, बोटं अजून आहेत. गाडीच्या तपासणीला दर वेळी कटकट होते, ती तो ऐकून घेतो. रात्रीची गाडी तो चालवत नाही. दिवसा चालवतो, आणि सहा वर्षं झाली, तिनं पुसून दिलं होतं तेवढ्याच जागेतून रस्ता बघतो.